'रो' की 'राऊ'? : एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ आणि भाषांतराचा प्रश्न

प्रस्तावना

आर, ओ, डब्ल्यू या तीन अक्षरांनी बनलेला एक शब्द इंग्रजी वृत्तपत्राच्या मथळ्यांत रोज कुठे ना कुठे भेटतो. पाण्याच्या वाटपावरून दोन राज्यांत मतभेद झाले, पाठ्यपुस्तकातील एखाद्या धड्याला आक्षेप घेतला गेला, एखाद्या मंत्र्याच्या विधानावर विरोधकांनी सभागृह बंद पाडले, की हा शब्द मथळ्यात येऊन बसतो. पदवी वर्गातील विद्यार्थी तो वाचतात, तेव्हा बहुतेक वेळा 'रो' असा उच्चार करतात. प्रत्यक्षात भांडण किंवा गोंगाट या अर्थी त्याचा उच्चार 'राऊ' असा, 'काऊ' या शब्दाशी यमक जुळणारा आहे. 'रो' म्हटले की ओळ किंवा वल्हवणे. 'राऊ' म्हटले की भांडण किंवा गोंगाट. लेखन एकच, उच्चार दोन, अर्थ चार. (मराठी वाचकाला 'राऊ' म्हटले की ना. सं. इनामदारांची कादंबरी आठवते; त्या राऊचा या राऊशी संबंध नाही.)

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या विविध अर्थांचा उगम, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यातील 'भांडण' या अर्थाचे मराठीत भाषांतर करताना उद्भवणारे प्रश्न यांचा विचार केला आहे. इतक्या लहान शब्दासाठी स्वतंत्र लेख कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. भाषेच्या अध्यापकाला आणि वार्तांकनाच्या अभ्यासकालाही हा शब्द बरेच काही सांगू शकतो, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. एखाद्या सामाजिक संघर्षाला 'गोंगाट' म्हणायचे, 'वाद' म्हणायचे की 'प्रश्न' म्हणायचे, ही निवड निव्वळ शब्दाची नसते.

एक लेखन, तीन शब्द

कोशकारांच्या दृष्टीने येथे एक शब्द नसून तीन शब्द आहेत. एकाच शब्दाला कालांतराने अनेक अर्थ चिकटणे ही अनेकार्थता होय. भिन्न उगमाचे शब्द योगायोगाने एकाच रूपात येणे ही समरूपता होय. म्हणूनच चांगल्या इंग्रजी कोशात हा शब्द १, २, ३ असे क्रमांक देऊन स्वतंत्र नोंदींत दाखविलेला आढळतो. ओळ दाखविणारा पहिला, वल्हवणे दाखविणारा दुसरा आणि भांडण व गोंगाट या दोन्ही अर्थांचा तिसरा. पहिले दोन उच्चारानेही एकरूप झालेले आहेत. तिसरा फक्त लेखनात त्यांच्यासारखा दिसतो.

ओळ या अर्थाचा शब्द प्राचीन इंग्रजीतला आहे. त्याचे मूळ ओरखडणे, कोरणे या अर्थाच्या एका भारोपीय धातूत असावे आणि संस्कृत 'रेखा' हा शब्द त्याच कुळातील असावा, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. हे अनुमान आहे, हे लक्षात ठेवावे. परंतु जमिनीवर ओढलेली रेघ आणि ओळ यांतील नाते कोणाही शेतकऱ्याला पटण्यासारखे आहे. वल्हवणे या अर्थाच्या शब्दाचे कूळ मात्र निश्चित आहे. लॅटिनमधील वल्ह्याचा शब्द, ग्रीकमधील वल्ह्याचा शब्द आणि संस्कृतमधील 'अरित्र' ही सर्व एकाच धातूची अपत्ये. ऋग्वेदातील अश्विनीकुमारांच्या सूक्तात भुज्यूला समुद्रातून सोडविणाऱ्या शंभर अरित्रांच्या नावेचा उल्लेख आहे, तो याच शब्दाने. इंग्रजीत सुकाणूला जो शब्द आहे, 'रडर', तोही याच घरातला. कारण पूर्वी नाव वळविण्यासाठी मागच्या बाजूचे वल्हेच वापरीत. 'रशिया' या देशनामाच्या मुळाशी असलेला 'रुस' हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या वल्हेकऱ्यांचा वाचक असावा, हे मत विद्वानांत बरेच मान्य आहे. एका क्रियापदाने केवढा प्रवास केला, हे यावरून दिसते.

तिसऱ्या शब्दाला मात्र असे कूळ नाही. भांडण व गोंगाट या अर्थाचा 'राऊ' अठराव्या शतकाच्या मध्यास, १७४० च्या दशकात, लेखनात प्रथम दिसतो आणि त्याच्या आधीचा माग लागत नाही. केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या बोलीत तो जन्मला असावा, असे सांगितले जाते. एक तर्क असा, की मद्यपानाच्या मैफलीला 'राउझ' असा एक जुना शब्द होता. त्याच्या शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा प्रत्यय समजून लोकांनी तो काढून टाकला आणि 'राऊ' हे कल्पित एकवचन तयार झाले. वाटाण्याच्या इंग्रजी नावाच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. 'पीझ' हे मूळ एकवचन. लोकांना ते अनेकवचन वाटले आणि 'पी' हे नवे एकवचन निघाले. 'राऊ'च्या बाबतीतला तर्क सिद्ध झालेला नाही, पण अर्थाच्या दृष्टीने तो जुळतो. मद्यपानाच्या मैफली, मग आरडाओरडा, मग हातघाई हा क्रम कोणत्याही काळातील वसतिगृहाच्या अधीक्षकास परिचित असावा.

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध कोशाची सुधारित आवृत्ती एच. जे. टॉड याने १८१८ मध्ये सिद्ध केली, तेव्हा त्याने या शब्दावर अत्यंत हलक्या दर्जाचा शब्द असा शेरा मारला. आज हाच शब्द लंडनच्या प्रतिष्ठित दैनिकांच्या मथळ्यात विनासंकोच बसतो. शब्दांची सामाजिक प्रतिष्ठा शंभर-दोनशे वर्षांत कशी पालटते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एकाच लेखनाचे दोन उच्चार का?

विद्यार्थी 'रो' असे वाचतो तेव्हा तो अडाणीपणा करीत नसतो. ओ आणि डब्ल्यू ही अक्षरजोडी इंग्रजीत दोन प्रकारे उच्चारली जाते. 'स्नो', 'ग्रो', 'फ्लो', 'लो' यांत 'ओ'. 'काऊ', 'नाऊ', 'हाऊ', 'ब्राउन' यांत 'आऊ'. याचे कारण इतिहासात आहे. गाय, आता, कसे या अर्थांच्या शब्दांत प्राचीन इंग्रजीत दीर्घ 'ऊ' होता. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तो दीर्घ 'ऊ' दोन अक्षरांनी लिहिण्याची पद्धत आणली. पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीच्या दीर्घ स्वरांचे मोठे स्थित्यंतर घडले आणि 'कू'चा 'काऊ' झाला. बर्फ, वाढणे, वल्हवणे यांच्या शब्दांत मात्र मुळातच वेगळे स्वर आणि त्यांच्यापुढे 'व' होता. त्यांची वाटचाल 'ओ'कडे झाली. दोन वेगळ्या वाटांनी आलेले ध्वनी एकाच लेखनात येऊन थांबले. छपाईने लेखन गोठविले आणि उच्चार पुढे चालत राहिला.

त्यामुळे इंग्रजीत अशा जोड्या बऱ्याच आढळतात. 'बो' म्हणजे धनुष्य आणि 'बाऊ' म्हणजे वाकून नमन करणे, शिवाय नौकेची नाळ. 'सो' म्हणजे पेरणे आणि 'साऊ' म्हणजे डुकरीण. लेखन प्रत्येक जोडीत एकच. मराठी भाषकाने याला हसण्याचे कारण नाही. आपल्या 'जरा' या शब्दाचा 'थोडे' या अर्थी एक उच्चार आणि 'वार्धक्य' या अर्थी दुसरा, तालव्य, उच्चार होतो. देवनागरीत दोहोंना एकच 'ज'. दोन प्रकारचे च आणि ज आपण लेखनात भेद न करता शतकानुशतके चालवीत आलो आहोत आणि मराठी मुलाला ते कधी जड गेले नाही, कारण त्याने हे शब्द वाचण्याच्या आधी ऐकलेले असतात. इंग्रजी शब्द तो ऐकण्याच्या आधी वाचतो. अडचण नेमकी येथे आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे आज पदवीला येणारा विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला 'रो' माहीत असतो तो ओळीमुळे, संगणकातील तक्त्यामुळे, नाव वल्हविण्याच्या बालगीतामुळे आणि नाशिक-पुण्याकडील 'रो हाऊस'च्या जाहिरातींमुळे. 'राऊ' त्याच्या कानावर कधी पडलेला नसतो. ग्रामीण भागातून आलेली एखादी विद्यार्थिनी वर्गात मथळा मोठ्याने वाचते, इंग्रजी माध्यमातून आलेल्या चार जणांना हसू येते आणि ती पुढे सत्रभर वाचायला उभी राहत नाही. हा प्रकार इंग्रजीच्या कोणत्याही अध्यापकाने पाहिलेला असेल. ज्या उच्चारावर ती अडखळली, त्याचा उलगडा दहा मिनिटांत करता येतो. तो न केल्यामुळे जाणारी किंमत फार मोठी असते.

(येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. भांडणाच्या अर्थी 'राऊ' हा प्रामुख्याने ब्रिटिश वापर आहे. अमेरिकेत तो क्वचित आढळतो. उलट जोडघरांच्या ओळीला 'रो हाऊस' म्हणणे अमेरिकी. ब्रिटनमध्ये त्याला 'टेरेस्ड हाऊस' म्हणतात. आपण भांडण ब्रिटनकडून घेतले आणि घर अमेरिकेकडून.)

संदर्भ अर्थ कसा ठरवितो

अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कोणत्या साधनांनी ठरतो, याचा विचार भारतीय परंपरेत फार पूर्वी झाला आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थ शब्दांचा स्वतंत्र वर्गच आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य इत्यादी निर्णायक घटकांची यादी दिली आहे. जेवायला बसलेल्या माणसाने 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावे, निघण्याच्या तयारीत असलेल्याने म्हटले तर घोडा आणावा, हे त्यातील प्रकरणाचे नेहमीचे उदाहरण. याच यादीच्या शेवटी स्वराचाही उल्लेख येतो. 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकल्याने इंद्राला मारणारा पुत्र मागणाऱ्या त्वष्ट्याला इंद्राकडून मारला जाणारा पुत्र मिळाला, ही कथा व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. 'रो' आणि 'राऊ' यांचा प्रश्न तितका प्राणघातक नाही, पण जातीने तोच आहे.

भर्तृहरीची यादी इंग्रजीच्या वर्गात वापरता येते, असा प्रस्तुत लेखिकेचा अनुभव आहे. 'शब्दान्तरसन्निधि' म्हणजे शेजारचा शब्द हे सर्वांत उपयोगी साधन. शब्दापुढे 'ओव्हर', 'अबाउट', 'विथ' किंवा 'बिट्वीन' ही शब्दयोगी अव्यये आली की तो 'राऊ' असण्याची शक्यता मोठी. संख्येनंतर 'इन अ' येऊन मग हा शब्द आला की तो निश्चित 'रो', आणि अर्थ 'ओळीने' किंवा 'लागोपाठ'. आपणही 'ओळीने तीन दिवस पाऊस पडला' असेच म्हणतो. येथे दोन्ही भाषांची कल्पना एकच असल्याने विद्यार्थ्याला ते चटकन समजते. पुढे नदीचे किंवा पैलतीराचे नाव आले की वल्हे हातात घ्यावे. 'डेथ' आधी आला की तुरुंगातील फाशीच्या कैद्यांच्या कोठड्यांची ओळ समजावी. मृत्यूवरून उद्भवलेला वाद समजू नये.

तरीही काही वाक्ये संदिग्ध राहतात. 'पतिपत्नी रात्रभर' अशा वाक्यात या क्रियापदाचे भूतकाळी रूप आले, तर ते रात्रभर भांडले की त्यांनी रात्रभर नाव वल्हविली, हे केवळ लेखनावरून सांगता येत नाही. मोठ्याने वाचणाऱ्याला मात्र निवड करावीच लागते. म्हणजे वाचणारा प्रत्येक जण येथे भाष्यकार होतो.

ओळीच्या अर्थाचे इतर उपयोग मराठीत आणणे सोपे आहे. गणितात पंक्ती आणि स्तंभ, नाट्यगृहात रांग, शेतात सरी किंवा ओळ. वल्हवणे या अर्थी खेळाचे नाव मराठी वृत्तपत्रांत 'नौकानयन' असे रूढ झाले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा हा शब्द घराघरांत पोहोचला. एका अमेरिकी वाक्प्रचाराची मात्र नोंद केली पाहिजे. कठीण काम अंगावर पडले की 'खुरपायला अवघड ओळ' वाट्यास आली, असे तेथे म्हणतात. शब्दशः भाषांतर केले तर मराठीत ते निर्जीव वाटते. परंतु खुरपणीला किंवा कापणीला बायका रानात उतरतात, तेव्हा प्रत्येकीने धरलेल्या पट्ट्याला 'पात' म्हणतात आणि कोणाच्या पातीत तण जास्त यावरून थट्टामस्करीही चालते. अवघड पात वाट्याला येणे, ही कल्पना आपल्या शेतात आधीच उभी आहे. शब्द कोशात शोधण्याऐवजी बांधावर शोधला तर असे अनेकदा सापडते.

गोंगाट आणि संघर्ष

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. 'राऊ' या शब्दात भांडण आणि गोंगाट हे दोन अर्थ एकत्र नांदतात. खाली मुले फार आवाज करीत असतील तर इंग्रज माणूस 'हा काय राऊ?' असे विचारतो. तेथे भांडण नसते. दोन भाऊ एकमेकांशी वर्षभर बोलत नसतील तर त्याला तो 'राऊ' म्हणत नाही. तेथे आवाज नसतो. मराठीतील 'अबोला' हा गंभीर संघर्ष आहे, पण तो 'राऊ' नव्हे. आवाज चढल्याशिवाय हा शब्द लागू होत नाही. आणि आवाज चढला की कारण काहीही असो, तो लागू होतो.

आवाज हेच संघर्षाचे साधन कसे होते, याचे एक बोलके उदाहरण हा शब्द इंग्रजीत रुळत होता त्याच काळातील आहे. लंडनचे कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह सप्टेंबर १८०८ मध्ये आगीत भस्मसात झाले. वर्षभरात नवी इमारत उभी राहिली आणि १८ सप्टेंबर १८०९ रोजी 'मॅकबेथ'च्या प्रयोगाने तिचे उद्घाटन झाले. खर्च भरून काढण्यासाठी व्यवस्थापक व नट जॉन फिलिप केंबल याने तिकिटांचे दर वाढविले होते. बॉक्सचा दर सहा शिलिंगांवरून सात, तर पिटचा साडेतीन शिलिंगांवरून चार झाला. शिवाय एक मजला श्रीमंतांच्या खाजगी कक्षांसाठी राखला गेला. प्रेक्षकांनी तिकिटे काढली, आत गेले आणि पडदा वर जाताच नाटकाकडे पाठ फिरवून जुन्या दरांची मागणी करीत ओरडू लागले. घंटा, शिंगे, खुळखुळे, फलक, नाच यांचा रोज रात्री कल्लोळ. हे सुमारे तीन महिने चालले. नटांचे शब्द कोणाला ऐकू येत नसत. अखेर डिसेंबरमध्ये केंबलला तडजोड करावी लागली. बॉक्सचा वाढीव दर राहिला, पण पिटचा दर पूर्ववत साडेतीन शिलिंग झाला आणि खाजगी कक्ष कमी करण्यात आले.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. नाट्यगृहातील हा असभ्य धुडगूस होता, असे म्हणता येते. अथवा, ज्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते अशा प्रेक्षकांनी सार्वजनिक करमणुकीवरील आपला हक्क राखला, असेही म्हणता येते. 'राऊ' हा शब्द पहिल्या दृष्टीचा आहे. तो आवाज टिपतो. आवाज कशासाठी होता, ते सांगत नाही. दूरच्या खोलीत बसलेल्या, ज्याची झोपमोड झाली आहे अशा माणसाचा तो शब्द आहे.

मराठीजवळ या क्षेत्रात शब्दांची श्रीमंती आहे आणि प्रत्येक शब्द काही वेगळे सांगतो. गोंगाट, गलका, गलबला, कोलाहल, हलकल्लोळ यांत केवळ ध्वनी आहे. बाचाबाची, वादावादी, खडाजंगी यांत शब्दांचा सामना आहे. 'हमरीतुमरी'त तर 'माझे-तुझे' शब्दातच उघडे पडले आहे. 'कज्जा' अरबीतून आला आणि मुळात तो न्यायनिवाड्याला गेलेले प्रकरण दर्शवितो. 'तंटा' गावकीतला, बांधावरचा. म्हणूनच १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्य शासनाने सुरू केलेल्या मोहिमेचे नाव 'तंटामुक्त गाव' असे झाले, 'विवादमुक्त' नव्हे. 'विवाद' कायद्याच्या भाषेसाठी राखीव आहे: १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम, १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियम. 'वादंग', 'गदारोळ' आणि अलीकडे अतिवापराने झिजलेले 'रणकंदन' ही वृत्तपत्रांची नाणी. 'राऊ'ला यांतील एकच एक प्रतिशब्द देणे शक्य नाही, आणि कोशाने एकच दिला तर तो विद्यार्थ्याची दिशाभूल करील.

वृत्तपत्रांना हा शब्द प्रिय होण्याचे कारण अगदी साधे, जागेचे आहे. 'कॉन्ट्रोव्हर्सी' या इंग्रजी शब्दात अकरा अक्षरे, 'डिस्प्यूट'मध्ये सात, आणि 'राऊ'मध्ये तीन. अरुंद स्तंभातील मोठ्या टंकाच्या मथळ्याला तीन अक्षरे म्हणजे वरदान. 'बिड', 'प्रोब', 'अ‍ॅक्स' हे त्याचेच भाऊबंद. छापील पानावर जागा वाचविण्यासाठी आलेली ही सवय पुढे जागेची टंचाई नसलेल्या ठिकाणीही टिकून राहिली. पण जागा वाचविताना काय खर्च झाले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

बेळगाव, कारवार, निपाणी या भागाच्या प्रश्नाचे उदाहरण घ्यावे. मराठीत आपण त्याला 'सीमाप्रश्न' म्हणतो. चळवळीच्या भाषेत तो 'सीमालढा' आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून हा प्रश्न चालू आहे, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. इंग्रजी मथळ्यात हे सारे 'बॉर्डर राऊ' होते. 'प्रश्न' या शब्दात उत्तराची अपेक्षा गृहीत असते. 'लढा' शब्दात एक बाजू न्याय्य असल्याचा दावा असतो. 'राऊ' शब्दात दोन शेजारी कारणाविना ओरडत असल्याचे चित्र असते. कन्नड भाषकाला मराठी 'लढा' हा शब्द पक्षपाती वाटेल, हे मान्य करावे लागेल, आणि तो आक्षेप चुकीचा नाही. परंतु 'राऊ' हा त्यावरचा निःपक्षपाती पर्याय नव्हे. तो कोणाचीच बाजू घेत नाही, कारण कोणाचेही म्हणणे त्याने ऐकलेले नसते.

याहून गंभीर उदाहरण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे आहे. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. पुढे सोळा वर्षांच्या आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. 'नामांतर' आणि 'नामविस्तार' या दोन मराठी शब्दांत केवढा इतिहास आणि केवढी तडजोड साठलेली आहे, हे या प्रदेशातील प्राध्यापकांना सांगावयास नको. वृत्तपत्री इंग्रजीच्या प्रचलित साच्यात हा विषय बसवायचा झाल्यास 'रिनेमिंग राऊ' असे दोन शब्द पुरतात. त्या दोन शब्दांत ठरावाची अंमलबजावणी मागणारा आणि त्याचे घर जाळणारा हे दोघेही सारख्याच आवाजाचे दोन पक्ष ठरतात. ज्याचे घर जळाले त्याने आवाज केला नसेल तर तो या शब्दात येतच नाही.

उलट दिशेनेही काळजी घ्यावी लागते. एखाद्या ब्रिटिश मंत्र्याच्या प्रवासखर्चावरून चार दिवस चाललेली कुरबुर वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात 'राऊ' म्हणून येते आणि मराठी वृत्तकक्षात तिचे 'रणकंदन' होते. मूळ शब्दात गांभीर्य कमी आणि आवाज जास्त होता. भाषांतरात रक्त सांडले. वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमात भाषांतराची तासिका असते, तेथे अशा शब्दांची तीव्रतेनुसार चढती श्रेणी विद्यार्थ्यांकडून तयार करून घेता येईल. 'कुरबुर' पासून 'दंगल' पर्यंतच्या पायऱ्यांवर कोणती बातमी कोठे बसते, हे ठरविताना त्यांना बातमी पूर्ण वाचावी लागते, कारण मथळ्यातील तीन अक्षरांवरून ते ठरत नाही. ('दंगल' शब्दही सावधपणे वापरावा, हिंदीत त्याचा प्रचलित अर्थ कुस्त्यांचा फड असा आहे.)

ओळ आणि भांडण या अर्थांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही संबंध नाही, हे वर आलेच आहे. मराठी समाजजीवनात मात्र तो आहे. 'पंगत' म्हणजे जेवणाऱ्यांची ओळ. तिच्यात कोणी कोणाशेजारी बसावे, कोणाला आधी वाढावे आणि कोणाला ओळीबाहेर ठेवावे, यावरून 'पंक्तिभेद' आणि 'पंक्तिप्रपंच' हे शब्द भाषेत आले. इंग्रजीत हे दोन अर्थ केवळ लेखनात शेजारी येऊन बसले. आपल्याकडे एकाच ओळीत बसण्याचा हक्क मागितला गेला, तेव्हा त्याला वरच्या ओळीतील मंडळींनी गोंगाट म्हटले.